आक्कांनी वाचलेला शेवट

प्रिय आक्का,

तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे बघा! माझी शाळा दुसरीपर्यंत, पेन हातात धरलं की खुरप्यासारखं धरलं जातं, आणि तिकडं पोस्टमन जातो का तेही ठाऊक नाही. तरी लिहितेय. वाचनालयाच्या दारात आता एक फळा लावलाय. कुणी पुस्तक वाचलं की त्यावर आपलं मत दोन ओळींत सांगायचं. आपल्या त्या वाळवंटाच्या पुस्तकाचं मत मला विचारलं हो! पण दोन ओळींत माझं कधी भागलंय का? तुम्हीच म्हणायच्या, "हिरे, तुला कुणी पाणी मागितलं तर तू विहीर कुणी खणली तिथनं सुरू करतीस."

म्हणून म्हटलं, आधी तुम्हालाच सांगावं. पुस्तक तुम्हीच तर कानात घातलंत!

मी राजुरीहून लग्न होऊन निरगुडसरला आले तेव्हा तुम्ही या घरच्या थोरल्या सूनबाई, सातवी शिकलेल्या. किराणाच्या पुड्या सोडल्या की तो कागद तुम्ही चुलीत घालायच्या नाहीत, आधी वाचून काढायच्या. अर्धी बातमी, अर्धी जाहिरात. सासूबाई म्हणायच्या, "हिला डाळीपेक्षा कागदाची भूक." आणि अर्धी फाटलेली बातमी तुम्ही मला पुरी करून सांगायच्या. पुढचं कुठनं कळलं, हे मी कधी विचारलंच नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं, नाही का?

गेल्या वर्षी बराख फोडली, साठवलेला कांदा बाहेर काढला, आणि आपण दोघी निवडायला लिंबाखाली बसलो. माझ्यापुढं ढीग, तुमच्या मांडीवर पुस्तक. "तू निवड, मी वाचते." कामचुकार कुठल्या! मी बारीक गोल्टी एकीकडं, मोठा माल एकीकडं, सडका मागं, असे हात चालवायचे आणि तुम्ही वाळवंटात फिरायच्या. पण खरं सांगू? तुमच्या वाटणीचा कांदा निवडताना माझी कंबर कधी दुखली नाही.

काय गोष्ट होती हो ती! दोघी बहिणी, एक थोरली, एक धाकटी. राजानं पाठवलेल्या, हरवलेली गोड्या पाण्याची विहीर शोधायला. सोबत एकडोळ्या उंट. वाळूखाली फिरणारा तो अजगर, आपल्या माणसाच्या आवाजात हाका मारणारा! तुम्ही त्याचा आवाज काढलात, "हिरेऽऽ", तर माझ्या हातातला कांदा पडला. कशा हसलात मग!

शेवटच्या दिवशी तुमचा चष्मा कपाळावर होता. मी म्हटलं, "आक्का, चष्मा!" तुम्ही म्हणालात, "फोलपट गेलंय डोळ्यात. तू गप निवड." आणि पुढं घडाघडा वाचत गेलात. विहिरीच्या तोंडावर कुणीतरी कायमचं बसलं तरच पाणी वाहणार, असं होतं. तर तो उंटच आडमुठा! त्यानं विहिरीवर अंग टाकलं, कान हलवत रवंथ करत बसला, उठायलाच तयार नाही. झालं काम! पाणी वाहायला लागलं. दोघी बहिणी हातात हात घालून घरी आल्या आणि आईनं गरम पिठलं-भाकरी वाढली.

मी म्हटलं, "लई ग्वाड शेवट केलाय." तुम्ही पुस्तक मिटलंत आणि पहिल्यांदाच माझ्याबरोबर चार कांदे निवडलेत.

मग तुम्ही अंथरूण धरलंत. बराख फोडायच्या आधीच पुण्याहून तपासून आलात तेव्हा "पित्त हाय" म्हणाला होतात. पित्तानं कुणी एवढं वाळतं का, आक्का? मला का नाही सांगितलंत? मी काय परकी होते?

बरं ते राहू द्या. यंदाचं सांगते.

यंदा बराख फोडली तेव्हा मी पल्लवीला, माझ्या नातीला म्हटलं, "तेच पुस्तक आण. मोठ्या आजीच्या जागेवर बस आणि वाच." तिच्या वाटणीचं आम्ही निवडणार, तुमचाच नियम. शेजारची गोदाबाई आली, अंगणवाडीतली सिंधूताई सुट्टीची आली. भाऊजी, तुमचे मालक, लांब खाटेवर पाठ करून पडलेले. म्हणे, मला न्हाई ऐकायचं असलं काही.

आणि मतं ऐकायला हवी होतीत तुम्ही! गोदाबाई म्हणाली, "पाणीच न्हाई तर माणसं ऱ्हात्यात कशाला तिथं? आपल्याकडं कॅनॉलचं पाणी जरा लांबलं तर आमचे हे पार सायबाच्या दारात जाऊन बसत्यात." अजगर आला तर म्हणते, "पिंजरा लावा की! आत शेळी बांधायची. बिबट्या घावतो तर अजगर का घावंना?" पल्लवी हसून हसून बेजार.

शेवट जवळ आला तशी मी फुशारकीनं म्हटलं, "आता बघा हं, उंट कसा बसतोय ते."

पल्लवी वाचत गेली आणि थांबली. "आजी, उंट न्हाई बसत. थोरली बसती."

"आगं, नीट वाच!"

"नीटच वाचतीय. थोरली म्हणती, 'तू जा. घरी पाणी ने. मागं वळून बघू नकोस.' आणि धाकटी उंट घेऊन एकटी जाती. संपलं पुस्तक."

"आणि पिठलं-भाकरी?"

"आजी, वाळवंटात पिठलं-भाकरी कुठनं येईल?"

आक्का! तेव्हा मला तुमचा चष्मा आठवला. चष्म्याशिवाय तुम्हाला मेथी आणि शेपू एकच दिसायची, आणि तुम्ही अख्खा शेवट वाचलात? डोळे पुसले, चष्मा वरच ठेवला, आणि माझ्यासाठी नवा शेवट रचत गेलात. किराणाच्या पुडीवरच्या बातमीसारखा! तुम्हाला तुमचं दुखणं ठाऊक होतं. आणि धाकटीला एकटीनं घरी जायला लागतं, हे तुमच्या तोंडून निघेना. होय ना?

मी सडका कांदा चांगल्या मालात टाकत गेले. ही मी! म्हणजे बघा.

सिंधूताईलाच राग आला. "पण थोरलीनंच का बसायचं? ज्या राजानं पाठवलं त्याला बसवा की विहिरीवर! नाय तरी त्याला बसायचीच सवय हाय." गोदाबाई म्हणाली, "मला आपला आक्काचा शेवट पटतो. उंटाला काय घर हाय का दार?" पल्लवी म्हणाली, पुस्तकातला शेवट जास्त मोठ्या मनाचा आहे, आणि म्हणता म्हणता तिचंच नाक लाल झालं.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "ती म्हैस व्हती."

सगळ्या तिकडं बघायला लागल्या.

भाऊजी उठून बसले. "आमची चंद्री. घोडेगावच्या रस्त्यावर अशीच अंग टाकून बसली व्हती, कान हलवत. पार एष्टी थांबली. हिनंच उठवली शेवटी, गोंजारून. त्याच म्हशीचा उंट केला हिनं!" आणि हसले, आक्का. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसले. मग टोपी काढून तोंड पुसत राहिले किती वेळ.

माझा तर जीव सुपाएवढा झाला. थोरली बसली म्हणून रडायचं का आपल्या म्हशीचा उंट झाला म्हणून हसायचं! दोन्ही केलं.

आता माझं मत. वाचनालयातल्या ताईंनी खडू घेऊन विचारलं, "बोला आजी." मी म्हटलं, "लिहा. पुस्तक चांगलं आहे. शेवट आमच्या आक्कांचा घ्यावा." झाल्या की नाही दोन ओळी? आता येणारा-जाणारा विचारतोय, आक्कांचा शेवट कुठला? काल दोन कॉलेजच्या पोरी थेट लिंबाखाली आल्या. मी त्यांच्यापुढं ढीग सारला. फुकट गोष्ट नाही मिळत म्हटलं आपल्याकडं!

तर आक्का, माझा शब्द घ्या. जो विचारेल त्याला मी दोन्ही शेवट सांगेन. आधी पुस्तकातला, तुम्हाला सांगवला नाही तो. मग तुमचा, कान हलवण्यासकट, पिठलं-भाकरीसकट.

मला घाई नाही, अजून बराखीत लई कांदा आहे. तोवर तुम्ही बसा तिथं विहिरीवर. पण मी येईन तेव्हा आडमुठा उंट घेऊनच येईन. त्याला तिथं बसवू आणि मग दोघी मिळून घरी जाऊ.

मागं वळून बघत बघत चालणारी,
तुमची धाकटी,
हिरा