वीज गेल्यावरचा तास

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि गेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं लहानपणापासून ऐकत आले. पण मला तुमचा राग आहे, तो तुमच्याबरोबर गेला नाही. कॉलेजात गणित तुम्ही शिकवलंत, मीरा रोडला कॉम्प्युटर क्लास काढलात तेव्हा घरी येऊन मला नोकरी दिलीत, हे सगळं मान्य करूनच लिहितेय.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. पेणकरपाड्याच्या बाजूची नवी इमारत, दुसरा मजला, वीस मुलं आणि तीन मशिनी. मशिनींच्या खोलीला पडदे, गालिचा आणि एसी. चपला बाहेर काढायच्या, जोरात बोलायचं नाही. देव्हाऱ्यासमोर बसावं तशी मुलं कीबोर्डसमोर बसायची आणि एक बटण दाबायलाही घाबरायची. त्यात रोज दुपारी वीज जायची. मग तुमचा हुकूम असा, की पहिला धडा, प्रोग्रॅमिंग भाषांचा इतिहास, डिक्टेट करा. मुलं पाठ करतील. कुठली भाषा कुणी काढली, कुठल्या साली. मुलं लिहायची आणि माना टाकायची. का काढली, हे कुणी विचारत नव्हतं.

म्हणून मी खेळ सुरू केला. बाकं सरकवून चार रांगा केल्या. पहिल्या रांगेतली चार मुलं म्हणजे मशीन. त्यांना फक्त उभं राहणं आणि बसणं कळतं, उभा म्हणजे एक, बसलेला म्हणजे शून्य. मशीनच्या आकड्यांत सात म्हणजे ०१११, म्हणून उत्तर सात आलं, की एक बसलेला आणि तीन उभे. दुसऱ्या रांगेला चार-दोन आखूड शब्द येतात, ‘आण’, ‘मिळव’, ‘ठेव’, म्हणजे असेंब्ली भाषा. तिसरी रांग फोरट्रान, ती गणिताच्या सूत्रात बोलते. चौथी कोबोल, ती सरळ इंग्रजी वाक्यात. मागच्यांनी चिठ्ठी दुसऱ्या रांगेकडे द्यायची, त्यांनी ती तोडून-फोडून पहिल्या रांगेला समजेल अशी करायची. चिठ्ठ्यांना तुम्ही मला भेट दिलेली जुनी पंचकार्डं, पूर्वी भोकं पाडून मशीनला प्रोग्रॅम द्यायचे ती, वापरली, त्याचाही तुम्हाला राग आला होता. पण आठवड्याभरात मुलांना कळलं, की माणसाला मशीनसारखं बोलायचा कंटाळा आला म्हणून एकेक भाषा झाली. जे तुमच्या डिक्टेशनने वर्षभरात झालं नसतं.

उत्तनची ती कोळ्यांची मुलगी तुम्हाला आठवत नसेल. दोन बस बदलून यायची. इंग्रजी कच्चं, म्हणून तिला प्रोग्रॅमिंगच्या बॅचमध्ये ठेवायचं की नाही, हे तुम्ही महिनाभर लटकवून ठेवलं होतंत. एका दुपारी ती चौथ्या रांगेत होती. मधेच उठून म्हणाली, “मॅडम, ही कोबोल माणसासारखी बोलते म्हणतात, पण इंग्लिश माणसासारखी. मंग आमच्यासारखी बोलनारी का न्हाय?”

मागून एकजण ओरडला, “तुझी बोली ऐकून मशीन पळून जाईल!”

“तू पळ. मशीनला पाय न्हाय,” ती म्हणाली, आणि पाचवी रांग म्हणून एकटीच भिंतीला जाऊन उभी राहिली. कार्डावर लिहिलं, “तीनात चार घाल न् किती झाला ता सांग.” दुसऱ्या रांगेतल्यांनी वाचलं, हसले, मग गंभीर होऊन तोडलं. ‘तीन आण. चार मिळव. ठेव.’ पहिल्या रांगेत एक बसला, तीन उभे राहिले. वर्गाने असा गलका केला की मजला हलला.

आणि तुम्ही दार उघडलंत. बरोबर ॲडमिशनला आलेले एक गृहस्थ. ते हसून म्हणाले, “सर, इधर कम्प्यूटर सिखाते हैं ना?” बस, तेवढं पुरलं तुम्हाला. “मॅडम, ही बालवाडी आहे का?” पोरांसमोर. खेळ बंद. आणि त्या मुलीला, जिने त्या दिवशी अख्ख्या बॅचमध्ये एकटीने विचार केला होता तिला, “तू उद्यापासून डेटा एन्ट्रीला. आधी इंग्रजी सुधार, मग प्रश्न विचार.” एका वाक्यात निकाल! ती चार दिवस दुसऱ्यांचे कागद बघून टाइप करत राहिली. पाचव्या दिवशी आली नाही.

मी उत्तनला गेले. तिची आई वलांडीवर, मासळी सुकवायच्या बांबूंवर, बोंबील वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, “दुसऱ्याचा लिवलेला बडवायला इतक्या लांब कशाला जायाचा, बोलली ती.” मुलगी घरातच होती, बाहेर आली नाही. मी परतीच्या बसमध्ये तुम्हाला सांगायची वाक्यं जुळवत होते. आज मशीन मराठी ऐकतं, सर, मराठीत उत्तर देतं. तेव्हा तिच्या प्रश्नावर दोन मिनिटं थांबायला तुमचं काय जात होतं? गणित शिकवताना तुम्हीच म्हणायचात ना, की प्रश्न विचारणारा पुढे जातो?

त्या बसमधली वाक्यं मी तुम्हाला कधी ऐकवली नाहीत, आणि हेही कुठे पाठवायचं नाही. कारण इतरांना ही हकिकत सांगताना मी एक गोष्ट दरवेळी गाळते. निकाल देण्याआधी तुम्ही मला विचारलं होतंत, “हा पाचव्या रांगेचा प्रकार कुणाचा?” ते गृहस्थ बघत होते, माझी नोकरी नवी होती. मी तिच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, “हिचा.” ते खरंच होतं. पण मी ते कौतुक म्हणून सांगितलं नव्हतं.