साण्यावरचा पत्रा

माय, आज दिवसभर मी एका खोलीला फट कुठं आहे ते शोधत होते. हसू नकोस, या कामाचा मला पगार मिळतो. आतला गारवा बाहेर जाऊ नये, वीज कमी लागावी, अशा इमारती आम्ही हल्ली बांधतो. दारात मोठा पंखा बसवून आतली हवा ओढायची आणि उदबत्ती घेऊन खिडक्यांच्या कडेकडेनं फिरायचं. धूर हलला की तिथं फट. आज धूर कुठंच हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला घाम फुटला. ताजी हवा आत घेणारा पंखा आधी चालू करा, म्हणून मी इतकी ओरडले की हाताखालची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मॅडमना भोकांचं वेड आहे, असं ती माझ्यामागं म्हणतात. म्हणू देत. मला भीती वाटते, आणि ती कुठून येते हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिणार?

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव पेटलं होतं तो श्रावण. आपल्या वस्तीत दिवसाढवळ्या दारं लागायची. अक्का बाळंतपणाला आलेली, बाळ नऊ दिवसांचं. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून तू आतल्या खोलीच्या फटींत लुगड्याचे बोळे कोंबलेस, बाजेखाली कोळशांची शेगडी सरकवलीस, वर ओवा टाकलास. उघडं राहिलं ते फक्त छतातलं साणं, धूर जायला ठेवलेलं. त्यातून पावसाची भुरभुर आत यायला लागली तशी तू मला माळवदावर धाडलंस. "पत्रा झाक, पर खाली ईट राहू दे. समदं बंद करू नको, लय कोंडंल." मी वीट ठेवली, तिच्यावर पत्रा टेकवला. तेवढ्यात पांदीच्या वाटेकडून आरडाओरडा ऐकू आला. काठ्या घेतलेली माणसं आपल्याकडं येत आहेत. खाली बाळ रडतंय आणि ते रडणं साण्यातून सरळ माझ्या कानावर येतंय, म्हणजे त्यांच्याही येणार. मी वीट काढते. पत्रा घट्ट बसवते, वर ओलं गोणपाट दाबते आणि तिथंच पालथी पडून राहते.

माणसं पांदीनं पुढं निघून गेली. बाळाचं रडणंही थांबलं होतं. मला बरं वाटलं, माय. त्या बरं वाटण्याचीच मला आजही सगळ्यात जास्त भीती वाटते.

तू इतका वेळ बाहेरच्या दाराला पाठ लावून बसली होतीस. मग आतलं दार ढकललंस आणि किंचाळलीस. अक्काच्या काखांत हात घालून तिला ओढत अंगणात आणलंस, तिची मान लुळी पडलेली. बाळाला पावसात उपडं धरून पाठीवर थापट्या मारत होतीस. "रड की रं! रड माज्या राजा!" किती वेळ गेला कोण जाणे. ते कण्हलं, मग अक्काला उलटी झाली. दोघं वाचली.

संध्याकाळी तू मला जवळ घेऊन विचारलंस, "ईट ठिवली व्हतीस नव्हं?"

"ठिवली व्हती," मी म्हणाले.

मग चूक तुझीच ठरली. कोळसेच जास्त झाले असतील, असं तू स्वतःच सांगत सुटलीस. अक्काची सासू अंगणात उभी राहून म्हणाली, "माज्या नातवाचा जीव घेतला असता या बाईनं." तू मान खाली घातलीस. मी तुझ्या पदराआडच उभी होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी अक्काला माहेरी धाडलं नाही. तू डिंकाचे लाडू बांधून सोनपेठच्या एसटीनं पाठवलेस, ते तसेच परत आले. वस्तीतल्या बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालायला सगळ्या तुला बोलवायच्या, त्यानंतर तू कुणाकडंच गेली नाहीस. कुणी आग्रह केला तर म्हणायचीस, माजा हात चांगला न्हाई.

तू गेल्यावर लिहिलेलं हे पत्र कुठं पोचायचं नाही, म्हणून तरी एवढं लिहिण्याचा धीर झाला. पण आत्ता तू दारात उभी राहून मला तेच पुन्हा विचारलंस, तर मी खरं बोलेन याची मला अजून खात्री नाही.