डाव्या हाताची अक्षरं

आई,

मी मोठ्या माणसांना लिहायला शिकवते, हे तू कौतुकाने सांगत फिरतेस.

वर्गातल्या शिंपीणबाई मी जवळ गेले की पाटी पुसून टाकतात. म्हणून आज मी फळ्यावर डाव्या हाताने लिहिलं. वेडीवाकडी अक्षरं बघून सगळे पोट धरून हसले. मग शिंपीणबाईंनीही लिहिलं, पण पाटी छातीशी धरून म्हणाल्या, "नका बघू, बाई. घरी लेक हसते."

कुठे तोंड लपवू असं झालं मला. शाळेत असताना "राहू दे, तुला नाही जमायचं," म्हणत मीच तुझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली होती. तेव्हापासून तू अंगठाच लावतेस.

ही माफी तुला दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागेल. म्हणून पाठवत नाही.

तुझी,
शहाणी