हरीण आडवं आलं

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
प्रसादच्या घरच्या गणपतीला निघालो होतो. रेखाच्या मांडीवर नैवेद्याचे एकवीस उकडीचे मोदक, स्टीलच्या डब्यात. वाटेत हरीण आडवं आलं. गाडी मेपलच्या झाडावर. पस्तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक डिझाइन केलेत म्हणून निभावलं. गाडी टो झाली, प्रसाद येऊन आम्हाला घेऊन गेला. डब्यात वीसच मोदक निघाले. गडबडीत एखादा पडला असेल. रेखाने त्यांच्या किचनमध्ये उकड काढून एकविसावा वळला. मनगट जरा सुजलंय तिचं. हौस दांडगी.

२८ ऑगस्ट, सकाळी ७
मान धरली आहे. इन्शुरन्सला फोन. मिशिगनमध्ये नो-फॉल्ट, म्हणजे चूक कुणाचीही असो, उपचारांचा खर्च आपलीच कंपनी देते. समंजस कायदा. फोनवरच्या बाईने तरीही विचारलंच, काय झालं. हरीण सांगितलं. रेखा शेजारीच कणीक मळत होती, डाव्या हाताने. काही बोलली नाही. म्हणजे तिनेही हरीण पाहिलं असणार.
संकल्प: गाडीत काहीही खायचं नाही. (तब्येतीसाठी.)

३० ऑगस्ट
मानेचा एक्स-रे नॉर्मल. एक्स-रेत सगळं दिसत नाही. डॉक्टरच्या मागे लागून एमआरआय लिहून घेतला. रेखाला म्हणणार होतो, तुझंही मनगट दाखवू या. पण मग तिला फॉर्म भरावा लागेल. त्यात विचारतात, दुखापत कशी झाली. बिचारीला ते सगळं पुन्हा आठवायला कशाला लावायचं? बाम चोळून दिला.

१ सप्टेंबर
लेबर डेची सुट्टी. क्लिनिक बंद. मनगटाचं आज काही करता येत नाही, माझा नाइलाज आहे. संध्याकाळी प्रसादकडे आरती. सगळे हरणाची चौकशी करत होते. शिंगं होती म्हणालो. रेखाने तबक डाव्या हातात धरलं. प्रसाद म्हणाला, काकू, उजव्या हातात घ्या ना. ती नुसती हसली. पानात मोदक आला, तो मी परत केला. प्रसादने विचारलं, पथ्य आहे का काका? हो म्हणालो.

३ सप्टेंबर
एमआरआय. चाळीस मिनिटं नळकांड्यात. अजिबात हलू नका म्हणाले. कानाशी ठोकाठोकी. डोळे मिटून हरीण आठवायचा प्रयत्न केला. येईना. एक हात स्टीअरिंगवर, दुसरा डब्यात, आणि रेखा म्हणतेय, अहो, नैवेद्य व्हायचाय. एवढंच येत होतं.
रिपोर्ट: वयोमानानुसार झीज.
बाहेर आलो तर टेक्निशियन मुलगी रेखाचं मनगट बघत होती. म्हणाली, सर, तुम्ही चुकीचा पेशंट आणलात. मी हसलो. ती हसली नाही.

४ सप्टेंबर
अर्जंट केअरमध्ये रेखाचा एक्स-रे. मनगटातलं छोटं हाड मोडलंय. डॉक्टरने स्क्रीनवर दाखवलं. मलासुद्धा दिसलं. म्हणाला, फट वाढली आहे, ऑपरेशन लागू शकतं. मोडल्यावर या हाताने जोराचं काम केलंत का? रेखा म्हणाली, विशेष काही नाही, थोडी उकड मळली. मळताना ती ओठ चावत होती. मी पाहिलं होतं. त्या दिवशी इथे लिहिलं नाही.
फॉर्म तिने डाव्या हाताने भरला. दुखापत कशी झाली, याच्या पुढे पहिलीतल्या पोरासारख्या वाकड्यातिकड्या अक्षरांत: डीअर.
परत येताना गाडीत सांगून टाकलं. हरीण नव्हतं. मोदक मी खाल्ला. ती म्हणाली, माहीत आहे, डबा माझ्याच मांडीवर होता. पुढच्या सिग्नलला म्हणाली, एवढी भूक लागली होती तर घरीच सांगायचं. तुमच्यासाठी एक वेगळा केला असता.
मला फार लाज वाटली. अजून वाटते आहे.
संकल्प: विसर्जनाला सगळ्यांसमोर खरं सांगायचं. पक्कं.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी
प्रसादच्या बॅकयार्डात विसर्जन. तीसेक माणसं. रेखाचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. आरती संपल्यावर मी घसा साफ केला. म्हणालो, त्या दिवशीच्या अ‍ॅक्सिडेंटबद्दल मला काही सांगायचंय. प्रसाद म्हणाला, थांबा काका, आणि सगळ्या मुलांना बोलावून माझ्यापुढे बसवलं. म्हणाला, आधी यांना सांगा, हरीण केवढं होतं.
रेखाने माझ्याकडे पाहिलं.
घोड्याएवढं, म्हणालो.