पाहुण्याचं वजन

२ फेब्रुवारी, रविवार

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. सगळीकडे शीड पसरलंय. सोफा उभा करून स्वयंपाकघराच्या दारात लावलाय, त्यामुळे चहा करायला जाताना पोट आत ओढून जावं लागतं. दातांच्या डॉक्टरांची कव्हरं मागच्याच आठवड्यात द्यायची होती. मी सोफ्यांची कव्हरं शिवते, शिडं नाही, हे ह्यांना सांगून झालं. तर म्हणाले, "कापड ते कापड."

उन्हाळा तापायच्या आत निघायचं म्हणे. शिडाच्या बोटीतून, दोघांनीच, समुद्रापलीकडच्या बेटावर. दुसरा देश आहे तो! हवा स्वच्छ असली की गच्चीवरून त्याची निळसर रेघ दिसते. इतकी वर्षं तेवढ्यावर समाधान होतं. ही बोट घेतली, रविवारी बंदरातल्या बंदरात फिरवली, भिजून घरी आलो, संपलं. रिटायर झाल्यापासून मात्र ती रेघ ह्यांच्या डोक्यात जाऊन बसलीय. जन्मभर लिफ्टची दुरुस्ती केली. "सारखं वर-खाली झालं गं, आता एकदा आडवं जायचंय."

मी हो म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक. नाही म्हणायलाही ताकद लागते.

५ फेब्रुवारी

पाठ दुखतेय. शिडाची एक बाजू झाली. पुन्हा कप फुटला. ह्यांचं लक्ष कुठे असतं!

९ फेब्रुवारी, रविवार

आज मास्तरांकडे गेलो. बोटींची शेड सांभाळणारे म्हातारे गृहस्थ, आम्हा दोघांना होडी चालवायला त्यांनीच शिकवलं. बंदराबाहेर पहिल्यांदा जाणाऱ्याचा दोर धक्क्यावरून तेच सोडतात. तशी इथली रीतच आहे. त्यांनी सोडला नाही तर कुणी जात नाही.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दोघं असलात तरी बोटीवर एकच माणूस आहे असं धरा. एक पाण्यात पडला की दुसरा एकटाच की. वहिनी पडल्या तर तुम्ही वर ओढायचं, तुम्ही पडलात तर वहिनींनी. दोघांचंही माझ्या डोळ्यांनी बघेन, मग दोर सोडेन."

येताना हे खिशात हात घालून चालत होते. मीच बडबडत होते की मास्तर म्हणजे नसती ब्याद. मनातून जरा बरंही वाटलं. जमलं नाही की विषय आपोआप मिटेल, वाईटपणा माझ्याकडे नको.

१३ फेब्रुवारी

पाहुणा तयार झाला. म्हणजे बुजगावणंच, पण ह्यांनी नाव ठेवलं पाहुणा. जुन्या सोफ्याच्या कव्हरचं धड, आत फोम, वाळूच्या पिशव्या, वरून ह्यांचा कामावरचा निळा डगला. त्याला पाण्यात टाकायचं आणि ओढून वर घ्यायचं.

वाळू किती भरायची म्हणून ह्यांनी विचारलं, "तुझं वजन किती?"

आणि मी थाप मारली. चांगली ठणठणीत थाप. लग्नानंतर दोन-चार वर्षं जेवढं होतं तेवढं सांगून टाकलं. ह्यांनी मान डोलावली, मी तेवढी वाळू भरून मशीनवर शिवण घातली. खरा आकडा मी इथेही लिहीत नाही. वही झाली म्हणून काय झालं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाहुण्याला पाण्यात टाकलं. हे लिफ्टवाले, त्यामुळे डोलकाठीवर कप्प्या वगैरे झकास लावल्यात, वजन निम्म्याहून कमी लागतं. तरी ह्यांना जमलं नाही. पाहुणा अर्धा वर आला आणि दोर सटासट सुटला, पाहुणा धपकन पाण्यात. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"दोर ओला आहे," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तू ओढ."

ओढला. आला वर! दंड भरून आले, पण आला. हे सुकाणूजवळ बसून बघत होते.

घरी आल्यापासून एकच डोक्यात. थाप मारलेल्या वजनाचा पाहुणा ह्यांना ओढवला नाही. मग मी खरीखुरी पडले तर?

१८ फेब्रुवारी

खरं सांगावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा कपडे वाळत घालायला गेले.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज ह्यांनी मला गाठी शिकवल्या. म्हणजे तोंडाने. "वरून घे, खालून काढ, ओढ. नाही, सोड, परत." स्वतः हात खिशात. मी म्हटलं, अहो करून दाखवा की एकदा. तर म्हणे, बघून येत नाही, करूनच येतं. लिफ्टच्या शाफ्टमध्ये नव्या पोरांना असंच शिकवत असणार. पोरं शिव्या घालत असतील.

पाहुण्याला पण मीच ओढलं. मागच्यापेक्षा जड लागला. फोमने पाणी प्यायलं असेल.

२७ फेब्रुवारी

व्हिसाच्या ऑफिसात रांग. खिडकीतला माणूस फॉर्म वाचून म्हणाला, "शिडाच्या बोटीतून? विमानाने पाऊण तासात जाल की." हे म्हणाले, "त्यात आम्ही काहीच करायचं नसतं." त्या माणसाने माझ्याकडे दयेने पाहिलं. मला त्याच्या खिडकीपलीकडच्या खुर्चीत जाऊन झोपावंसं वाटत होतं.

फोटोत मी साठीच्या पुढची दिसते. अजून नाहीये.

२ मार्च, रविवार

नांगर टाकणे मी. नांगर काढणे मी. शीड चढवणे, उतरवणे, दुमडणे मी. नकाशावर रेघ मारणे मी. हे नुसते हुकूम सोडतात. संध्याकाळी चमचा धरवत नव्हता. मग मी ताटावरच बोलले: हौस तुमची आणि हमाली माझी, हा कुठला न्याय? आपण पुढच्या वर्षी जाऊ.

"पुढच्या वर्षी नाही." एवढंच म्हणाले. पण असं म्हणाले की मी ताटं उचलायला लागले.

५ मार्च

मुलीचा फोन. ती लांबच्या शहरात असते, काळजी फोनवरून पाठवते. "आई, बाबांना तू तरी समजाव." मी म्हटलं, समजावायचं काम आधी तू कर, मी दमलेय. ती हसली. मी हसत नव्हते.

९ मार्च, रविवार

पाहुणा अजून जड. आज तीनदा ओढायला लावला. तिसऱ्यांदा मी दोर तसाच अडकवून खाली बसले आणि रडले, अगदी लहान मुलीसारखी. हे जवळ आले. मला वाटलं पाठीवर हात ठेवतील. म्हणाले, "अजून एकदा. मग घरी जाऊ."

असा राग आला की त्या रागातच ओढला. सगळ्यात लवकर आला वर.

१४ मार्च

दातांच्या डॉक्टरांची कव्हरं दिली एकदाची. त्यांनी माझे हात बघितले, विचारलं, काय हो, बांधकामावर जाता का?

२३ मार्च, रविवार

मास्तर म्हणाले, पुढच्या रविवारी दाखवा. आधी वहिनी, मग तुम्ही. ह्यांनी नुसतं हूं केलं.

मी ठरवलंय. आता लपवाछपवी पुरे. परवा हे पासपोर्ट आणायला जातील तेव्हा पाहुण्याची शिवण उसवायची, खऱ्या आकड्याइतकी वाळू घालायची आणि बंद करायची. ह्यांना तेवढं ओढता आलं तर जाऊ. नाही आलं तर इथेच कळलेलं बरं, मधल्या समुद्रात कळण्यापेक्षा.

२५ मार्च

पाहुणा उलटा केला. पाठीवरची शिवण उसवायला कात्री लावली आणि हात थांबला.

टाके माझे नव्हते. मी मशीनवर बारीक, सरळ शिवण घातली होती. ही हाताने घातलेली. लांब, तिरके टाके, मध्येच सैल, मध्येच आवळलेले, दोऱ्याचं टोक दातांनी तोडलेलं. एका हाताने शिवलं की असं होतं. दुसऱ्या हाताने कापड धरायला हवं ना, ते धरलेलंच नाही. बहुतेक गुडघ्यात दाबलं असेल.

आत माझ्या वाळूच्या पिशव्या होत्या. आणि त्यांच्याशेजारी आणखी पिशव्या, मी न भरलेल्या. फोम अगदी कोरडा होता. सगळं काढून न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवलं. मी सांगितलेलं वजन नव्हतं ते. माझं खरंही नव्हतं. मग बघितलं, पाहुण्याच्या अंगावर डगला कुणाचा आहे. गेल्या महिन्यात हे डॉक्टरकडे तपासायला गेले होते, तेव्हा ह्यांनी घरी येऊन सांगितलं होतं, वजन घटलंय, आता एवढं एवढं भरलं. तेच.

पिशव्या होत्या तशा परत भरल्या. शिवण घातली नाही. बसून राहिले.

२६ मार्च

सकाळी चहा दिला, आज पहिल्यांदाच कप डाव्या हाताजवळ ठेवला. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. उजव्या हाताने फिरवून घेतला.

"कधीपासून?"

"हॉलमधला दिवा बदलताना तो माझ्या हातातून निसटला होता ना, तेव्हापासून. आधी बोटं, आता मनगट. डॉक्टर म्हणतात, उतरणीला लागलंय. चढणार नाही. पुढच्या वर्षी उजवाही असेल-नसेल."

"मला कधी सांगणार होता?"

"तिथे पोहोचल्यावर."

"आणि वाटेत तुम्ही पडला असता तर?"

"म्हणून तर तुला ओढायला शिकवलं."

एवढं साधं बोलले. जणू बाजारातून काय आणायचं ते सांगताहेत. मला इतकी चीड आली, इतकी माया आली, दोन्हींचं काय करावं कळेना. ओटा पुसत बसले. पुसलेलाच पुसत होते. दोन महिने मी ह्या वहीत ह्यांच्या नावाने बोटं मोडतेय, हुकूम सोडतात म्हणतेय. हा माणूस एकेक काम माझ्या हातात ठेवत होता आणि मी हमाली मोजत होते.

मग माझीही थाप सांगितली. हसू आवरेना ह्यांना. "अगं, लिफ्टमध्ये माणूस चढला की दोराकडे बघून सांगायचो मी वजन. तुझं मला कळत नाही होय?"

"मग तेव्हा बोलला का नाही?"

"तुझं वजन ओढायची वेळ माझ्यावर येणारच नव्हती. मला झेपणार नाही ते पहिल्याच दिवशी कळलं."

३० मार्च, रविवार

मास्तरांसमोर मी पाहुण्याला वर घेतलं. एका दमात. मास्तरांनी टोपी काढली.

"आता तुम्ही, लिफ्टवाले."

हे उठायला लागले. मी खांदा दाबून बसवलं आणि मास्तरांना सगळं सांगितलं. हे समुद्राकडे बघत राहिले.

मास्तरांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाले, "म्हणजे अर्धंच जमतंय, वहिनी."

मी म्हटलं, "मास्तर, इतकी वर्षं संसार तरी कुठे पुरा जमला? कधी ह्यांचं अर्धं, कधी माझं."

हसले, पण मान हलवली. "मी नाही सोडणार दोर. माझ्या मनाला लागून राहील."

रागावता येईना. खरं तेच बोलत होते. पायी पायी घरी आलो. म्हणजे सुटले! आता सोफा जागेवर येईल, पाठीला आराम मिळेल, दुपारी झोपता येईल. हेच तर पाहिजे होतं मला. हे गच्चीवर गेले. मी चहा घेऊन वर गेले तर नुसते उभे होते. हवा स्वच्छ होती, रेघ दिसत होती. डावा हात खिशात.

मला झोप नको होती. दमलेय, फार दमलेय, पण झोप नको होती.

१ एप्रिल

सोफ्याच्या खाली लावायची जाड पट्टी उरली होती. ती काढली. खांद्यावरून, छातीवरून, कमरेतून. चौपदरी शिवण. मशीनची सुई मोडली, दुसरी लावली. बोटीला बांधून घ्यायचे पट्टे, ह्यांच्यासाठी एक, माझ्यासाठी एक. माझा आधी.

माप घेताना खरं घेतलं.

६ एप्रिल, रविवार

मास्तर धक्क्यावर आले होते. हात मागे बांधून उभे. जवळ येऊन माझा पट्टा धरून दोनदा हिसका दिला, बोटीला बांधलेली गाठ बघितली, पुन्हा हात मागे. दोराला शिवले नाहीत.

मग दोर मी सोडला.

आता बंदर मागे पडलंय. सुकाणू ह्यांच्या उजव्या हातात आहे, चांगलं धरलंय. ते पडले तर मी आहे. मी पडायचं नाही.