कुंडीखालची चावी

छोटे,

अंघोळ झाली की आधी दाराला आतून कडी लाव. मी कुलूपवाल्याला आणायला पळतेय. बाबा रात्रपाळी करून झोपलेत, त्यांना इतक्यात काही बोलू नकोस.

चहा घेताना तू म्हणालीस, "काल गेममध्ये जादा चावी कुठंय असं काय विचारलंस गं, ताई? कुंडीखालीच असते, सांगितलं की तुला तिथंच!" अगं, मी परवापासून खेळलेच नाहीये. गेममधल्या फुकटच्या तलवारीला भुलून मोबाईलवर आलेला कोड एका अनोळखी खेळाडूला सांगून बसले आणि अकाउंट हातचं गेलं. तू हसशील म्हणून गप्प राहिले.

आत्ता कुंडी उचलून बघितली. चावी नाही.

तुझा पासवर्ड बदल, मलाही सांगू नकोस. माझी हाक ओळखलीस तरच कडी काढ. गेममध्ये 'ताई आलेय, दार उघड' असं आलं, तर मात्र बाबांना उठव.