चुलीवरचीच भाकर पायजे

५ जानेवारी, सोमवार
डोकं फिरलंय! काल पुण्याचे पाव्हणे आले, लेणी बघितली, आमच्या गटातल्या इरम्माच्या घरी पोटभर जेवले. आणि जाऊन मोबाइलवर काय लिहावं? 'भाकरी गॅसवरच्या होत्या. गावपण वाटलं नाही.' झालं! बचत गटाच्या बायांचं धाबं दणाणलं. पाव्हण्यांना पाळीपाळीनं एकेका घरी जेवू घालायचं, हे काम आम्ही बायांनीच उभं केलेलं. आता म्हणं, ज्या घरी चूल न्हाय त्या घराची पाळी बंद!

मी म्हणलं, "सासूबाईंना दमा हाय. धुरापायीच तर गॅस घेतला."

गिरिजाबाई गटाच्या अध्यक्ष. म्हणल्या, "मग तू पाळी सोड, दीपाली."

किती सोपं! सोयाबीन पाण्यात गेल्यापास्नं घर ह्या पाळीवरच चाललंय.

७ जानेवारी
सांगून बघितलं — देवळामागं एकच चूल मांडू, जिची पाळी तिनं तिथं रांधावं. तर, "म्हंजी पाव्हणं आमच्या घरी येणारच न्हाईत व्हय?" सगळ्या माझ्यावरच तुटून पडल्या. कुणाला चांगलं सांगायची सोय न्हाय.

१० जानेवारी, शनिवार
उद्या आमची पाळी. अंगणात चूल मांडली. सासूबाईंना बेंबळीला नणंदेकडं धाडलं. जीपमध्ये बसताना म्हणल्या, "म्या नडायले व्हय गं घरात?"

लई वाईट वाटलं.

११ जानेवारी
धुरानं डोळ्यांचं पाणी खळंना. पाव्हणे मात्र खूश! जाताना एक बाई म्हणते, "घरात आजी नाहीत का? चुलीपाशी आजी असत्या तर फोटो किती छान आला असता!"

तोंडात शिवी आली होती. हात जोडले.

१३ जानेवारी
गिरिजाबाईंनी ते पण ठरवून टाकलं — चुलीपाशी म्हातारं माणूस बसवायचं! मी बैठकीतनं उठून आले. घरी ह्यांचं एकच, "सोड ते पाव्हणं-बिव्हणं." ह्यांना बोलायला काय जातंय! सासूबाई अजून बेंबळीलाच. फोनवर त्यांच्यापाशी सगळं ओकून बसले. त्यांनी इचारलं, "पुढची पाळी कवा हाय?"

१ फेब्रुवारी, रविवार
परत आमची पाळी. सकाळच्या जीपनं सासूबाई आपणहून आल्या. नाकातोंडाला ओला फडका बांधला आणि थेट चुलीपाशी बसल्या. मी उठवायला गेले तर हात झटकला. खोकत खोकतच पाव्हणीला म्हणल्या, "काढा की फोटू. असाच काढा."

पाव्हणीनं मोबाइल खाली घेतला.

"तुमच्याकडे गॅस नाही का हो?"